दोराचं दुसरं टोक

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर एक वाक्य रंगवलेलं आहे : "तुम्ही निघा, मी आहे." खाली माझ्या मित्राचं नाव. लढाईत तो मागे राहिला, आमची तुकडी वाचली आणि तो तिथेच गेला. हे त्याचे शेवटचे शब्द, असं गावात सगळे धरून चालतात. दरवर्षी पंधरा ऑगस्टला पोरं हात उंच करून ते वाक्य म्हणतात आणि मी पुढच्या खुर्चीत बसून ऐकतो. वाक्य चांगलं आहे. फक्त ते त्याने म्हटलेलं नाही. ते मी जुळवलेलं आहे.

गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावर गावचा सरपंच जालन्याला माझ्या मुलाच्या घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "आबा, भिंतीचा रंग दरसाली उडतो. औंदा काळा दगड बसवायचाय, कोरीव अक्षराचा. तेवढं वाक्य एकदा बराबर सांगा."

"भिंतीवर आहे की."

"भिंतीवर गुर्जींनी लिहिलंय. ऐकनारे तुमी. भिंतीवर चुकलं तर चुना मारता येतो. दगडाला काय मारता?"

तो स्वतःच्या विनोदावर हसला. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "थोडं थांब. आधी त्याच्या बहिणीला भेटून येतो."

"त्या आजीला? ती तर कार्यक्रमालाच येत न्हाई, आबा. मी सोता जातो आमंत्रण घेऊन. चहा पाजती अन् म्हनती, त्या दिवशी शेतात काम हाये. एवढं कोन्तं काम असतं पंधरा ऑगस्टला?"

ते काम कोणतं, हे मला ठाऊक होतं. पण पुढचं सगळं सांगायचं तर आधी विहिरीचं सांगायला हवं.

मी आणि माझा मित्र पलटणीत जायच्या आधी विहिरी खोदायचो. भोकरदनकडच्या भागात मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, तिथे पहार चालत नाही. सुरुंगाची दारू भरून बार उडवावा लागतो. मित्राचे वडील आमच्या टोळीचे म्होरके होते. टोळीत मी, तो, आणखी काही जण आणि दगडमाती वाहायला बायका. त्याची धाकटी बहीण परकरात होती तेव्हापासून डोक्यावर टोपलं घेऊन काठावर उभी असायची.

म्होरक्यांचा एक नियम होता. "हिरीत आवाजावर इसवास ठेवायचा न्हाई." खोल विहिरीत वरून हाक मारली की ती चहूकडून फिरत खाली येते. वरचा "थांब" म्हणाला का "लाव", हे खालच्याला कळत नाही. म्हणून हाकेचं काम दोर करायचा. वात पेटवणारा एकटा खाली थांबायचा, दोराचं एक टोक त्याच्या कमरेला. दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. सगळी माणसं, शेरडं, पोरंसोरं लांब गेली का, हे काठावरच्याने बघायचं आणि मग दोर ओढायचा. दोर हलल्याशिवाय खालच्याने वात पेटवायची नाही. वात पेटली की खालचा उलटा हिसका द्यायचा. त्याचा अर्थ : पेटली, काठ सोड, पळ. मी पळत सुटायचो आणि तो शिडीवरून वर येऊन माझ्यामागून पळायचा.

आमच्यात खालचा नेहमी तो असायचा आणि काठावरचा मी. हे कुणी ठरवलं होतं, हे मला कधीच आठवलं नाही. कदाचित त्याच्या हातात माझ्यापेक्षा कमी थरथर होती, एवढंच. वर आल्यावर तो मला म्हणायचा, "दगडाच्याबी आधी पळतोस रं तू." आणि ते खरं होतं. खालून हिसका आला की माझे पाय डोक्याला विचारत नसत.

आता लढाई. ती पूर्वेकडे झाली, भाताच्या प्रदेशात. तिथली जमीन बघून आम्ही दोघे चकित झालो होतो. कुठेही काठी खुपसली की पाणी. "इथं आपल्या टोळीला कुनी भाकर बी दिली नसती," तो म्हणाला होता.

एका पहाटे आमची छोटी तुकडी पुढे टेहळणीला गेली आणि धुकं विरताना उघड्यावर सापडली. समोर झाडीतून मशीनगन चालू झाली. आम्ही भाताच्या एका बांधाआड पडलो. दोघे जखमी झाले, त्यातला एक आमचा गनवाला. मागे कापलेल्या भाताचं शेत, त्यातून एक उथळ चर आणि चर संपतो तिथे कालव्याचा उंच काठ. त्या काठापलीकडे गेलो की वाचलो. पण चरातून सरपटताना, जखमींना ओढताना, कुणीतरी मागे राहून समोरच्यांची डोकी खाली ठेवायला हवी होती.

हवालदार काही बोलायच्या आधीच माझ्या मित्राने जखमी गनवाल्याची गन उचलली. त्याला कुणी हुकूम दिला नाही. हे मी पहिल्यांदा स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्याने हे खोटं पडत नाही. तो आपणहून मागे राहिला, आणि मागे राहण्यात काय आहे हे त्याला कळत होतं.

मग तो माझ्याकडे वळला. आमच्याजवळ कालवे ओलांडायला दोर होते, ते एकाला एक जोडले होते. त्याने टोक कमरेला बांधलं आणि म्हणाला, "हिरीवानी करू. मी खालचा, तू काठावरचा. समदे पलीकडं गेले की वढ. मंग मी निघतो. दोर नीट धर."

हे त्याचे शेवटचे शब्द. "दोर नीट धर."

तो बांधाला छाती लावून मारा करत होता. मागे वळून बघणं त्याला शक्य नव्हतं, आणि त्या आवाजात हाक पोचणार नव्हती. दोराची कल्पना अगदी योग्य होती. अजून विचार करतो तेव्हा तिच्यात मला एकही चूक सापडत नाही.

जखमींना घेऊन बाकीचे पुढे सरकले. मी सगळ्यांच्या मागे, दोराचं टोक धरून तो धसकटांतून ओढत नेत. शेवटचा माणूस काठावरून पलीकडे उतरला. आता फक्त मी. काठावर चढता चढता मी दोर ओढणार, तेवढ्यात दोरालाच खालून हिसका बसला.

खालून हिसका म्हणजे काय, हे वर सांगितलंच आहे. माझ्या हातातून दोर सुटला आणि मी काठापलीकडे होतो.

पलीकडे पडल्यावर मला कळलं की मी ओढलेलं नाही. दोराचं टोक काठाच्या अलीकडच्या उतारावर पडलं होतं. पोटावर वर सरकून हात लांब केला असता तर सापडलं असतं. मी तो हात लांब केला नाही. काठाच्या मातीवर गोळ्या बसत होत्या. हवालदाराने विचारलं, "तो?" मी म्हणालो, "येतोय." मग म्हणालो, "त्याने जा म्हणून सांगितलं." आम्ही जखमींना घेऊन कालव्याच्या कडेने निघालो. पाठीमागे त्याची गन वाजत होती. बराच वेळ वाजत होती. मग नाही.

नंतर आमचे लोक पुढे सरकले तेव्हा तो त्याच बांधाशी सापडला. दोर कमरेला तसाच होता. तो मी सोडला, गुंडाळला, आणि कुणी विचारलं नाही. साहेबांनी एवढंच विचारलं, "उसने कुछ कहा था?" तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडून हिंदीत बाहेर पडलं. सुट्टीवर गावी आलो तेव्हा त्याच्या वडिलांनी विचारलं, "काय म्हन्ला रं शेवटी?" त्यांच्यासाठी मी ते मराठीत केलं. म्हातारा रडला, आणि त्याच्या रडण्यात एक ताठपणा आला. तो बघून मला वाटलं, काही वाईट केलेलं नाही.

पण बहीण दारात उभी होती. तिचं लग्न लढाईच्या थोडंच आधी झालं होतं. तिने विचारलं, "आमच्याबद्दल काहीच न्हाई म्हन्ला?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्यानंतर तिच्या मनात काय झालं, ते मला तिच्या नवऱ्याकडून फार वर्षांनी कळलं. भावाने तिला कबूल केलं होतं की येत्या पंचमीला मीच तुला माहेरी न्यायला येतो. सासरी पहिल्या पंचमीला भाऊ न्यायला येणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही. आणि तो तर तिकडे "तुम्ही निघा, मी आहे" म्हणून राहिला. साथीदारांसाठी राहिला, बहिणीसाठी आला नाही. एवढं सोपं गणित तिने मांडलं होतं आणि ते गणित माझ्या वाक्यावर उभं होतं. गावात ज्या दिवशी त्या वाक्यावर टाळ्या वाजतात, त्या दिवशी तिला शेतात काम असतं.

सरपंच येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी एसटीने केदारखेड्याला उतरलो आणि तिच्या शेताकडे चालत गेलो. नवरा आता नाही, मुलगा संभाजीनगरला कंपनीत आहे. ती खळ्यावर बसून मक्याची कणसं सोलत होती. मला बघून उठली नाही.

"या, फौजी. आमंत्रण आनलं का? सरपंचाचे पाय दुखून राह्यले वाटतं."

"आमंत्रण न्हाई, बाई. एक गोष्ट सांगायचीय."

"तुमची गोष्ट आमाला पाठ हाये."

"ती चुकीची हाये."

मग मी सांगितलं. पोत्यावर बसून, तिच्याबरोबर कणसं सोलत सोलत सांगितलं, कारण हात रिकामे ठेवून मला सांगता आलं नसतं. ती शिव्या देईल, उठून जाईल, रडेल, यातलं काहीतरी मी धरलं होतं. यातलं तिने काहीच केलं नाही. तिने कणीस खाली ठेवलं आणि विचारायला लागली.

"दोर कमरेलाच व्हता? मनगटाला न्हाई?"

"कमरेला. बाबांच्या नियमानं."

"अन् गन कशी असती ती? एका हातानं चालती?"

"न्हाई. दोन्ही हात लागतात."

"मंग हिसका बसला तव्हा गन वाजून राह्यली व्हती का थांबली व्हती?"

इतकी वर्षं मी त्या हिसक्याचाच विचार केला होता. तो त्याचा होता का? त्याने ठरवून, माझी वाट न बघता, "पळा" असं सांगितलं का? तसं असेल तर माझं वाक्य शब्दांनी खोटं, पण अर्थाने खरं होतं, आणि मी थोडासा सुटत होतो. या "थोडासा"वर मी म्हातारा झालो. पण गन तेव्हा वाजत होती का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. आता डोळे मिटले आणि कानांना विचारलं.

"वाजत होती," मी म्हणालो. "सलग वाजत होती."

"मंग वढला कशानं त्यानं? दातानं?"

"अंग हलवलं असेल. कमरेनं..."

"कमरेनं हिसका बसतो का? चला, बघू."

ती गोठ्याकडे गेली आणि कडबा बांधायचा लांब दोर घेऊन आली. मी म्हणालो, "अगं, आता या वयात काय..." ती म्हणाली, "वय सांगू नका. सांगायला आले तव्हा वय न्हाई आठवलं?"

मका कापलेल्या रानात आम्ही दोघे उतरलो. धसकटं पायाला लागत होती. मला तिने बांधावर उभं केलं, पाठ फिरवून, दोराचं टोक हातात देऊन. स्वतः दोर सोडत पार दुसऱ्या कडेला गेली. रस्त्यावरून एक माणूस मोटारसायकल थांबवून बघायला लागला. तिने तिथूनच ओरडून त्याला सांगितलं, "काय न्हाई, रान मोजून राह्यलो. जाय तू." तो गेला.

"आता सांगा," ती लांबून ओरडली.

हिसका बसला. "तू ओढला," मी ओरडलो.

"बराबर. आता मी हातातला दोर सोडला. चाला जरा म्होरं, दोर धरून."

मी चालू लागलो. दोर धसकटांतून घासत मागे आला आणि एकदम हाताला झटका बसला. मी थांबलो. तिला काही सांगावं लागलं नाही.

फरक इतका साधा होता. माणसाने दोर ओढला की तो ओढतो आणि सोडतो. हाताला ताण येतो आणि लगेच जातो. धसकटात अडकलेला दोर सोडत नाही. तो ताठच राहतो. तुम्ही थांबलात तरी तो तिथेच, हट्टाने, हातात.

त्या पहाटे सुटायच्या आधी तो माझ्या हातात ताठच राहिला होता. हे माझ्या तळहाताला सगळी वर्षं ठाऊक होतं. मीच त्याला बोलू दिलं नव्हतं. भाताची धसकटं मक्यापेक्षा बारीक, पण आमच्या दोराला गाठी होत्या. पुढे सरकताना मीच तो ओढत नेत होतो. गाठ अडकली, झटका बसला, आणि मी पळालो. माझ्या मित्राने मला काहीच सांगितलं नव्हतं. त्याने मारा चालू ठेवला होता, कारण दोर हलल्याशिवाय हलायचं नाही हा त्याच्या बापाचा नियम होता.

ती रानातून माझ्याकडे आली. मी तिला जे हाताला कळलं ते सांगितलं. शब्द जुळवले नाहीत.

तिने वाकून धसकटात अडकलेला दोर सोडवला. मग म्हणाली, "म्हंजी तो यायला बसला व्हता."

"हो."

"दोरबी सोडला न्हाई कमरेचा. ज्याला यायचं न्हाई तो दोर कशाला ठिवील?"

"हो."

"मला म्हन्ला व्हता येतो म्हनून. येनारच व्हता." तिने पदराने तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण ते मी तिच्या चेहऱ्यावर तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघत होतो. ते क्षणभरच राहिलं. मग ती माझ्याकडे वळली.

"अन् तुमाला वढायला काय झालं व्हतं? हिसका त्याचा समजून पळाले, ते ठीक. पायाची सवय. नंतर? हात लांब केला असता तर?"

"भ्यालो, बाई."

"भेले." तिने तो शब्द उचलून दोन्ही बाजूंनी बघितल्यासारखा पुन्हा म्हटला. "भेले. हे सांगायचं सोडून वाक्य सांगितलं. माझा बाप त्या वाक्याला कवटाळून मेला, अन् मी त्या वाक्याला शिव्या देत म्हातारी झाले. तुमचं काय जात व्हतं भेलो म्हनायला? वीस वर्साचं पोरगं भेतंच."

दोराचं टोक मी अजून हातातच धरलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी गावात जाऊन सरपंचाला आणि शाळेच्या गुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजींचा चेहरा उतरला. सरपंच म्हणाला, "आबा, पोरायला काय सांगू आता? बरं, खरे शब्द काय व्हते मंग?"

"दोर नीट धर."

"हे दगडावर कसं कोरू, आबा? लोक इचारतील, कोन्ता दोर?"

"विचारू दे. मग सांग."

तो तयार झाला नाही, आणि बहिणीनेही शब्दच नको म्हणून सांगितलं. शाळेसमोर आता काळा दगड आहे. त्याच्यावर नाव आहे आणि खाली एवढंच : साथीदार बाहेर पडेपर्यंत मागे राहिला. हे खरं आहे. भिंतीवरच्या वाक्याला चुना मारला, पण ते आतून अजून दिसतं. या वर्षी पंधरा ऑगस्टला मी पुढच्या खुर्चीत बसलो नाही. ती आली होती. बायकांत बसली, दगडाला हळदीकुंकू लावलं, आणि माझ्याशी न बोलता गेली. तिने माझ्याशी बोलावं अशी माझी अपेक्षा नव्हती.

पण त्या दिवशी रानात जे शेवटी झालं ते राहिलंच.

"भेले" म्हणून झाल्यावर ती परत रानाच्या दुसऱ्या कडेला गेली. मला वाटलं, दोर गोळा करायला गेली असेल. तिथे ती खाली बसली, पाठ माझ्याकडे करून, आणि दोर कमरेला गुंडाळला. मी तिकडे बघत उभा राहिलो. काय चाललंय ते मला कळेना.

मग ती मागे न बघता ओरडली, "आता वढा."

दोर माझ्या हातात होता. तो हलका होता, कुठेही अडकलेला नव्हता. मी ओढला.

ती उठली, वळली आणि दोराच्या मागोमाग धसकटं चुकवत रान ओलांडून आली. येता येता कोपराभोवती दोर गुंडाळत होती. माझ्यापाशी पोचली तेव्हा तिला दम लागला होता. तिने गुंडाळी माझ्या हातात दिली.

"गोठ्यात ठिवा," ती म्हणाली. "अन् नीट ठिवा. उद्या कडबा आनायचाय."